शेजाराची मर्यादा : स्थिर पल्ला की अनुकूली पल्ला?

स्त्रियांच्या साक्षरतेचा बालमृत्यूशी काय संबंध आहे, असा प्रश्न संपूर्ण भारतासाठी विचारला असता सामान्य समाश्रयण त्याचे एकच उत्तर देते. हा संबंध सर्वत्र सारखा आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक बाजूला ठेवून प्रत्येक स्थानासाठी स्वतंत्र गुणांक काढण्याची रीत ब्रन्सडन, फॉदरिंगहॅम व चार्लटन यांनी १९९६ साली मांडली. तीस ‘भौगोलिक भारित समाश्रयण’ म्हणतात. एखाद्या जिल्ह्याचा गुणांक काढताना जवळच्या जिल्ह्यांना अधिक आणि दूरच्यांना कमी भार दिला जातो. मात्र ‘जवळ’ म्हणजे कोठवर, हे आधी ठरवावे लागते. या मर्यादेस बँडविड्थ, म्हणजेच प्रभावाचा पल्ला, असे नाव आहे.

स्थिर पल्ल्यात अंतर कायम राहते. पल्ला १०० किलोमीटर मानला, तर प्रचलित द्विवर्ग सूत्रानुसार ५० किलोमीटरवरील निरीक्षणाला ०.५६, ९० किलोमीटरवरील निरीक्षणाला ०.०४ आणि १०० किलोमीटरपलीकडे शून्य भार मिळतो. अनुकूली पल्ल्यात याउलट शेजाऱ्यांची संख्या कायम राहते आणि ती भरेपर्यंत अंतर वाढत जाते.

भारताच्या नकाशावर हा भेद ठळकपणे दिसतो. २०११ च्या जनगणनेत ६४० जिल्हे होते. त्यांत कच्छचे क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, तर माहेचे अवघे ९ चौरस किलोमीटर होते. जिल्ह्यांच्या मध्यबिंदूंभोवती १०० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे काढली, तर दिल्लीच्या वर्तुळात जिल्ह्यांची दाटी होते. लेहच्या वर्तुळात मात्र गुणांक काढण्याइतकी निरीक्षणेच सापडत नाहीत. अशा ठिकाणी उत्तर निघाले तरी ते अस्थिर असते. पल्ला वाढवावा, तर दाट प्रदेशातील स्थानिक भेद पुसले जातात.

म्हणून विषम विखुरलेल्या सामग्रीसाठी अनुकूली पल्ला बहुधा अधिक सोयीचा ठरतो. परंतु त्याचीही किंमत मोजावी लागते. शेजारी ६० ठरविले, तर गंगेच्या मैदानात ते तुलनेने लहान वर्तुळात मिळतील. लेहसाठी तेच वर्तुळ पंजाबच्या मैदानापर्यंत पोहोचेल. त्यामुळे लेहच्या नावावर दाखविलेला गुणांक पुष्कळ अंशी इतरांचाच असेल. निरीक्षणे समान अंतरावर असतील किंवा प्रभावच अंतराने बांधलेला असेल, उदाहरणार्थ धुराड्यातून पसरणारा धूर, तर स्थिर पल्ला अधिक योग्य होय.

पल्ल्याचा आकार अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक स्थानाचे निरीक्षण क्रमाने वगळून शेजाऱ्यांवरून त्याचा अंदाज करावा आणि ज्या पल्ल्याने एकूण चूक सर्वांत कमी होते तो निवडावा, ही एक रीत. अकाइके यांच्या माहिती-निकषाची दुरुस्त आवृत्ती वापरणे, ही दुसरी. तीत लहान मूल्य श्रेयस्कर असते. पल्ला फार लहान असल्यास गुणांक डळमळतात, फार मोठा असल्यास ते देशाच्या सरासरीकडे झुकतात. या दोन दोषांमधील समतोल हे निकष शोधतात.

तथापि निकषाने निवडलेला पल्ला म्हणजे अंतिम सत्य नव्हे. गुणांकांच्या नकाशाशेजारी प्रत्येक जिल्ह्यासाठी वापरलेले अंतर व प्रमाण त्रुटी यांचेही नकाशे ठेवावेत. स्थानिक गुणांकांच्या आधारे एखाद्या जिल्ह्याची योजना आखली जाणार असेल, तर तो आकडा कोणाच्या निरीक्षणांवरून निघाला, हे प्रथम तपासणे अगत्याचे आहे.