गरम पाण्याचा जमाखर्च

परिव्ययाचे सिद्धांत आपण वर्गात कारखान्यांच्या उदाहरणांवरून शिकतो. पण ते न्हाणीघरालाही तितकेच लागू पडतात. आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या बाजारहत्नूरला हिवाळा चांगलाच झोंबतो. शेजारच्या किनवट तालुक्यात उनकेश्वरला निसर्गच गरम पाण्याचा झरा देतो. इतरांना मात्र प्रत्येक अंशाचे मोल द्यावे लागते. तेव्हा गरम पाण्याच्या टाकीला उष्णतारोधक आवरण घालणे परवडते काय, याचा हिशेब प्रस्तुत लेखात मांडत आहे.

प्रथम मोजमाप पाहू. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या १ युनिटात सुमारे ८६० किलोकॅलरी असतात. समजा, २०० लिटरची विजेवरची टाकी रात्रभरात २० अंशांनी निवते. म्हणजे ४,००० किलोकॅलरी, अर्थात ४.६५ युनिटे वाया गेली. आवरणामुळे ती ४ अंशच निवली, तर हीच हानी ०.९३ युनिट होते. मात्र आवरणाने वाचतो तो साठवणुकीतील ऱ्हास. पाणी मुळात तापवण्याचा खर्च टळत नाही.

येथपर्यंत आवरणाचीच बाजू वरचढ दिसते. पण खर्चाच्या वहीत दुरुस्तीचेही खाते असते. परदेशांत अंगणात ठेवायचे गरम पाण्याचे टब मिळतात. त्यांतील काहींच्या पोकळीत सगळीकडे फेस ओतून घट्ट केलेला असतो. ऊब टिकते खरी, पण नळी गळू लागली की गळती शोधण्यासाठी तो फेस कोरून काढावा लागतो. शिवाय ग्लासवूलसारखे आवरण भिजले की त्याचा रोधकपणा जातो, कारण त्यात अडकलेल्या हवेची जागा पाणी घेते आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटींनी लवकर वाहते.

आता तीन पर्याय तोलू. वर्षाला १०० रात्री, विजेचा दर युनिटला ६ रुपये आणि ५ वर्षांत दोन दुरुस्त्या असे धरू. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी आपले दर घालून पाहावेत.)

पहिला पर्याय, उघडी टाकी: ऱ्हास १३,९५० रुपये, दुरुस्ती १,०००, एकूण १४,९५० रुपये.

दुसरा, पक्के चिकटवलेले आवरण: आवरण ४,०००, ऱ्हास २,७९०, दुरुस्ती ४,०००, एकूण १०,७९० रुपये.

तिसरा, पट्ट्यांनी बांधलेले, काढता-घालता येणारे आवरण: किंमत ४,८००, ऱ्हास (५ अंश धरून) ३,४८०, दुरुस्ती १,४००, एकूण ९,६८० रुपये.

तिसरे आवरण महाग आहे आणि ऊबही किंचित कमी राखते. तरी दुरुस्ती सोपी असल्याने एकूण खर्चात तेच स्वस्त पडते. त्याने रात्रीला सुमारे २१ रुपये वाचतात, म्हणून किंमत २२९ रात्रींत वसूल होते. वर्षाला १०० रात्री वापर असेल तर तिसऱ्या हिवाळ्यात. २० रात्रीच असेल तर अकरा वर्षांहून अधिक काळाने! तेव्हा खरेदीपूर्वी वापराचे दिवस मोजावेत.

आता चुलीकडे वळू. आमच्याकडे कापसाच्या पऱ्हाट्या जळणाला असतात आणि त्या ‘फुकट’ समजल्या जातात. त्यामुळे आवरणाने काही वाचत नाही, असे म्हणणारे भेटतात. परंतु पऱ्हाट्या गोळा करून वाहून आणणे, पहाटे अंधारात उठून चूल फुंकणे आणि धूर सोसणे ही कामे बहुतेक आई-बहिणींकडेच असतात. त्यांच्या वेळेलाही मोल आहे. अर्थशास्त्रात त्यालाच संधी खर्च म्हणतात. वहीत लिहिला नाही म्हणून तो शून्य होत नाही. रात्री तापवलेले पाणी भुसा भरलेल्या खोक्यातील झाकणबंद पिंपात ठेवले, तर निदान पहाटेची एक चूल हलकी होते. आपला हंडा आणि कन्नड घरांतील ‘हंडे’ यांचे नाव जवळजवळ एकच. हा हिशेबही दोन्हीकडे एकच.

माझ्या मते क्रम असा असावा: आधी घट्ट झाकण, कारण १ लिटर पाणी वाफ होऊन जाताना साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी घेऊन जाते आणि झाकणाला खर्च अल्प लागतो. मग काढता येणारे आवरण; पण विजेची जोडणी व सुरक्षा झडप त्याखाली झाकू नयेत, आणि जळत्या बंबाला फेस किंवा गोणपाट कधीही गुंडाळू नये. आणि नफा-तोट्याची बेरीज करताना पहाटे उठणाऱ्या माणसाचे खाते वहीत अवश्य उघडावे.