इंजिने थांबल्यावरचे गणित

विमानाचा मार्ग उड्डाणापूर्वीच आखलेला असतो. परंतु आकाशात संकट ओढवल्यास तो बाजूला सारून नवा मार्ग काही मिनिटांत ठरवावा लागतो. अशा वेळी वैमानिक कोणत्या क्रमाने विचार करतो, हे आपण एका प्रसिद्ध घटनेच्या आधारे समजून घेऊ.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोईंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्यात ६९ माणसे होती. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. कॅनडात तेव्हा मेट्रिक मापे नव्याने रुळत होती आणि विमानातील इंधनमापक नादुरुस्त होते. लिटरचे वजनात रूपांतर करताना किलोग्रॅमऐवजी पौंडाचा गुणक वापरला गेला; परिणामी निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडाले. ४१,००० फुटांवर धोक्याचे इशारे मिळू लागले. वैमानिकांनी विमान विनिपेगकडे वळवले, पण वाटेतच दोन्ही इंजिने बंद पडली.

अशा वेळी पहिले काम विमान ताब्यात ठेवण्याचे. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना इंजिनविरहित ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. विमान कमीत कमी उंची गमावून जास्तीत जास्त अंतर कापील, असा वेग त्यांनी अंदाजाने राखला.

दुसरे काम मोजमापाचे. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी हिशेब केला: १० सागरी मैलांत, म्हणजे सुमारे १८.५ किलोमीटरमध्ये, उंची ५,००० फुटांनी, म्हणजे सुमारे १.५ किलोमीटरने घटली होती. एक किलोमीटर उतरताना विमान बारा किलोमीटर पुढे जात होते. या हिशेबाने विनिपेग गाठणे अशक्य होते.

तिसरे काम निवडीचे. सुसज्ज विमानतळाची आशा सोडून त्यांनी जवळच्या गिमली येथील जुना हवाई तळ निवडला. क्विंटल यांनी पूर्वी तेथे सेवा केली होती. धावपट्टीजवळ येताना उंची जास्त भरली. इंजिनांअभावी पुन्हा घिरटी घालणे शक्य नव्हते, म्हणून पिअर्सन यांनी विमान तिरके धरून उंची घटवली. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारशर्यतीसाठी लोक जमले होते. पुढचे चाक नीट न बसल्याने विमानाचे नाक घासत गेले; तरीही ते लोकांपूर्वीच थांबले आणि एकही जीव गेला नाही.

उत्तरापुढे एकक न लिहिल्यामुळे गुण कापले गेल्याचे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो आग्रह किती सार्थ होता, हे या घटनेवरून कळते. आता घरातील मुलांना एक उदाहरण घालावे: इंजिने बंद पडलेले विमान ३ किलोमीटर उंचीवर आहे, वारा नाही, उतरण्याचे प्रमाण वरीलप्रमाणेच आहे. मोठा विमानतळ ४५ किलोमीटरवर आणि जुनी धावपट्टी ३० किलोमीटरवर असेल, तर विमान कोठे वळवाल? उत्तरासोबत कारण लिहावे, आणि एककही.