गाडी घाटात मिसिंग का करते?

औट्रम घाटाखालच्या वस्त्यांवर औषधे नेणारी आपली पेट्रोल गाडी मी सांभाळतो. सपाटीवर बरी चालणारी ही गाडी कन्नडकडे चढताना झटके देऊ लागली. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. कॉईलचा दोष तिथे उघडा पडतो.

स्कॅनरने पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर दाखवला. इंजिन थंड झाल्यावर दुसरी-तिसरी कॉईल अदलाबदल केली, कोड पुसून गाडी पुन्हा चढावर नेली. कोड तिसऱ्यावर गेला तर कॉईल खराब. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, वायर, इंजेक्टर पाहावे. आमचा कोड नाहीसाच झाला! कॉईल चांगली होती, प्लगवर पूर्ण बसली नव्हती.

म्हणून रबरी टोपी प्लगवर घट्ट दाबा, बोल्ट आवळा, कनेक्टर ‘टक्’ वाजेपर्यंत लावा. नवी कॉईल घेण्याआधी एवढे कराच. वाचलेले पैसे औषधांना होतात.