मटक्याचा तक्ता : वाचन आणि अर्थ

मटक्याच्या निकालांचा तक्ता प्रथमच पाहणाऱ्यास तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखा भासतो. आडव्या ओळीत एक आठवडा, उभ्या रकान्यांत वार आणि प्रत्येक घरात आठ अंक. मधले दोन अंक ठळक असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन अंक एकाखाली एक बारीक छापलेले असतात. या आठ अंकांचा परस्परसंबंध कळला की तक्ता वाचता येतो. तो वाचता आला म्हणजे उद्याचा आकडाही सांगता येतो, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे. कारण तिच्यावर विसंबून पगार गमावणारे पुष्कळ आहेत.

या खेळाचे मूळ कापसाच्या व्यापारात आहे. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाचे उघडतीचे आणि बंदचे भाव तारेने मुंबईस येत व त्यांतील अंकांवर पैजा लागत. हा मार्ग १९६१ मध्ये खुंटला. त्यानंतर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत आपापले खेळ सुरू केले. मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या काढीत, म्हणून नाव मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, तरी नाव तेच राहिले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्दही कापसाच्या भावांपासूनच उरलेले आहेत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याखाली मटका हा गुन्हा आहे. त्याचा प्रसार मात्र गिरणगावाच्या पलीकडे, देशभर झाला.

आता एक घर वाचू. डावीकडे ३, ७, ९, मध्ये ९५, उजवीकडे १, ४, ०. डावीकडील तीन अंकांची बेरीज १९ होते. तिचा शेवटचा अंक ९, हा ओपन. उजवीकडील बेरीज ५, हा क्लोज. दोन्ही मिळून ९५ ही जोडी. तीन अंकांच्या गटास पत्ती म्हणतात. पत्ती चढत्या क्रमाने लिहितात आणि शून्यास दहा मानून शेवटी ठेवतात. म्हणून येथे ०१४ नव्हे, तर १४० छापले आहे. पत्ते कोणत्या क्रमाने निघाले, हे त्यामुळे तक्त्यावरून कधीच कळत नाही.

अशा पत्त्या एकूण २२० आहेत. तिन्ही अंक वेगळे असलेल्या १२०, दोन अंक सारखे असलेल्या ९० आणि तिन्ही सारखे असलेल्या १०. शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक अंकाच्या वाट्यास बरोबर २२ पत्त्या येतात. सोडत निर्भेळ असेल तर कोणताही अंक दुसऱ्यापेक्षा अधिक संभवनीय नाही.

तरीही तक्त्यात आकृत्या दिसतात, आणि त्या खरोखरच तेथे असतात. लाल शाईने छापलेल्या जोड्यांचेच पाहा. दोन्ही अंक सारखे असलेल्या दहा जोड्या आणि ज्यांच्या अंकांत पाचाचा फरक आहे अशा १६, ६१, २७, ७२ वगैरे दहा जोड्या, अशा वीस जोड्या अनेक तक्त्यांत लाल असतात. शंभरात वीस म्हणजे पाचात एक. सहा दिवसांच्या ओळीत निदान एक लाल जोडी येण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के भरते. चारांपैकी तीन ओळींत लाल ठिपका असेल, तर त्यांना जोडणारी तिरपी रेषा कोणालाही ओढता येईल. तशी रेषा सापडली नसती तरच नवल!

‘हा आकडा फार दिवसांत आला नाही, आता येणारच’ हा दुसरा भ्रम अधिक घातक आहे, कारण तो खेळणाऱ्यास दररोज दुप्पट पैसे लावावयास शिकवतो. एखादा अंक सलग दहा निकालांत न येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. म्हणजे ही अगदी नित्याची गोष्ट. आठवड्यास सहा याप्रमाणे वर्षात ३१२ जोड्या निघतात. तेवढ्यांत शंभरांपैकी सरासरी चार जोड्या एकदाही दिसत नाहीत. न आलेल्या जोडीचे तक्त्याकडे काही देणे राहिलेले नसते. दहाव्या दिवशी आणि अकराव्या दिवशी तिची शक्यता शंभरात एक एवढीच असते.

प्राप्तीचा हिशेब याहून सोपा आहे. एका अंकावरील रुपयास नऊ आणि जोडीवरील रुपयास नव्वद, असा भाव सर्वसाधारणपणे चालत आलेला आहे. शंभर माणसांनी शंभर वेगवेगळ्या जोड्यांवर एकेक रुपया लावला, तर एकास नव्वद मिळतात आणि दहा रुपये चालविणाऱ्याकडे राहतात. त्यास लबाडी करण्याचीही गरज नाही.

लबाडी करावयाची असल्यास मात्र वाव आहे. कोणत्या आकड्यावर किती रक्कम लागली हे सोडतीपूर्वी चालविणाऱ्यास ठाऊक असेल आणि पत्ते त्याच्याच हाती असतील, तर सर्वांत कमी देणे लागेल असा आकडा निघू शकतो. त्या दिवशीच्या निकालाचे कारण मग पैजांच्या वहीत असते. तक्त्यात वार आहे, पत्ती आहे, जोडी आहे. लागलेल्या रकमेचा रकाना नाही. वर्षानुवर्षांचे तक्ते जपून ठेवणाऱ्या खेळाडूजवळही तो नसतो.