मध्यमाशी अडलेली बासरी

पेटी शिकायला बसलेलं देवरूखातलं कुठलंही पोर पहिल्या आठवड्यातच सा रे ग म प ध नि सा वाजवतं. पांढरी एकपासून सुरुवात केली की काळ्या पट्टीला हात लावायचीसुद्धा गरज नसते. पाश्चात्त्यांचं मेजर स्केल ते हेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दहा थाटांची मांडणी करताना शुद्ध स्वरांचं सप्तक म्हणून बिलावलला मान दिला, तेव्हापासून संगीताच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांची सुरुवात इथूनच होते. बासरीवर मात्र हेच आठ स्वर भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणतात. त्यात शिकणाऱ्याचा दोष फारसा नसतो. कोणता स्वर कुठे अडवतो, हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

प्रस्तुत लेखकाने चाळिशीत बासरी हातात घेतली. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बासरीचे गुरुजी नव्हते. तेव्हा मोबाइलवरचे धडे आणि एक छापील तक्ता, यांवर भिस्त. तक्त्यात लिहिलं होतं: सहाही भोकं बंद केली की सा, मग खालून एकेक बोट उचलत जा. तसं केलं आणि सप्तक खरोखरच सुरेल निघालं. महिनाभर आनंदीआनंद. मग एका एकादशीला शेजारच्या वाडीत भजनाला साथ करण्याचा योग आला. पेटीवरच्या बुवांनी पट्टी विचारली, बासरीवर ‘पांढरी पाच’ लिहिलेलं होतं, तेच सांगितलं. पहिल्या ओळीलाच बुवांचे हात थांबले. “मास्तर, तुमचा सा कुठं राहिला?” मंडळी हसली, टाळकऱ्यांनी मात्र ठेका सोडला नाही.

पांढरी पाचच्या बासरीची सहाही भोकं बंद केली, तर पांढरी दोन वाजते. हिंदुस्थानी पद्धतीत सा असतो तो वरची तीन भोकं बंद आणि खालची तीन उघडी ठेवून. सगळी भोकं बंद असताना निघतो तो मंद्र पंचम. कारखानदार बासरीवर पट्टी लिहितो ती या तीन बोटांच्या सा ची. आयर्लंडकडच्या सहा भोकांच्या शिट्टीवर मात्र सगळी भोकं बंद ठेवूनच सुरुवात करतात, आणि छिद्रांची रचना जवळपास तीच असल्यामुळे आपल्या बांबूवरही तो तक्ता बिनबोभाट चालतो. म्हणूनच तो फसवा. एकटं वाजवताना काहीच चुकत नाही, चूक कळते ती चारचौघांत. नवीन धडा उघडला की पहिल्या मिनिटात एवढंच पाहावं: शिकवणारा सा साठी किती बोटं ठेवतो? तीन असतील तर पुढे ऐकावं.

मग आपल्याकडे ही अवघड वाट का? सहा बोटांवर सा धरला तर त्याच्या खाली उतरायला जागाच उरत नाही. तीन बोटांवर धरला तर खाली नी, ध, प हाताशी राहतात, आणि मंद्रातल्या या स्वरांशिवाय आलापाला खोली कुठून यायची? या सोयीची किंमत मोजावी लागते ती मध्यमावर.

सा ला तीन बोटं, रे ला दोन, ग ला एक. ते एकही उचललं की पुढचा स्वर मध्यम येईल, असं साध्या हिशेबाने वाटतं. येतो, पण तीव्र. बिलावल म्हणून सुरू केलेलं सप्तक तिसऱ्या पायरीनंतर कल्याण होऊन बसतं, आणि तेही कानाला गोड लागतं, म्हणून पुष्कळांना पत्ताच लागत नाही. शुद्ध मध्यम हवा असेल तर डाव्या तर्जनीने वरचं भोक अर्धंच उघडायचं. बोट उचलायचं नाही, कलतं करायचं: पेर भोकाच्या कडेवरून जरासं लोळवायचं, की एका बाजूने फट पडते. फट जास्त झाली तर स्वर चढतो, कमी झाली तर गंधाराकडे झुकतो. भरीस भर म्हणजे या क्षणी बासरीला बोटांचा आधारच उरलेला नसतो. ओठाखालची टेकण, डाव्या तर्जनीचं मूळ आणि उजवा अंगठा यांवरच ती तोललेली असते आणि जरा दुर्लक्ष झालं की गोल फिरते. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस फक्त ग–म, म–ग एवढंच वाजवावं. घरचे कंटाळतात, पण उपाय नाही.

त्याच्या पुढची पायरी म–प. इथे अर्ध्या बोटावरून एकदम सहा बोटांवर यायचं आणि त्याच वेळी फुंक बदलून वरच्या सप्तकात जायचं. दोन्ही एकदम साधायला गेलं की चीं असा आवाज येतो आणि माणूस फुंकेचा जोर वाढवतो. जोराने काम आणखी बिघडतं. बासरी दोन्ही टोकांना उघडी असलेल्या नळीसारखी वागते. फुंक नेमकी बसली की तीच बोटं एक सप्तक वरचा स्वर देतात. त्यासाठी ओठांची फट बारीक करून हवेची धार पातळ आणि वेगवान करावी लागते. म्हणून आधी सहा बोटं घट्ट ठेवून, हात न हलवता, मंद्र प आणि मध्य प आळीपाळीने काढावेत. हे जमल्यावर मग म–प जोडावं. तरीही चीं होत असेल तर बहुतेक वेळा एखादं बोट गळत असतं, आणि ते बहुधा उजव्या हाताची अनामिका असतं. वरून एकेक भोक बंद करत सावकाश खाली यावं, कुठे आवाज फाटतो ते लगेच कळतं. लांब बासरीवर बोटांची टोकं टेकवण्याऐवजी सपाट पेरं ठेवली की गळती निम्म्याने कमी होते.

हे सगळं म्हणजे सप्तक लिहिलं जातं त्या क्रमाने शिकायचं नाही. आधी नुसता सा. मग सा वरून खाली नी, ध, प. मग वर रे, ग. मध्यम सगळ्यांत शेवटी.

ताळा तंबोऱ्यावर करावा, पेटीवर नको. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट धरले तर हा फरक कानाला सहज कळतो. अशाच आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीन दशकं टिकली. मोबाइलवरचा तंबोरा चालतो. मात्र जुलैत पत्र्याच्या पडवीत पाऊस ठोकायला लागला की तो ऐकूच येत नाही, तेव्हा एका कानात इयरफोन घालावा, दुसरा कान बासरीसाठी मोकळा ठेवावा. वाजवायला घेतलेली बासरी गार असताना किंचित उतरलेली असते, आतली हवा तापली की चढते. पहिल्या पाच मिनिटांत तंबोरा जुळवण्याची घाई करू नये.

खरेदीतही माणूस फसतो. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी सुमारे ३२ इंची बासरी मैफिलीत आणली, पुढे पंडित हरिप्रसाद चौरसियांनी तो घनगंभीर आवाज घरोघर पोचवला, म्हणून नवशिक्याला पांढरी तीनची लांबलचक बासरीच हवी असते. त्यावर बोटं पोचत नाहीत आणि दोष रियाजाला दिला जातो. पांढरी पाच किंवा पांढरी सहाने सुरुवात करावी. हात डावा की उजवा, यावर वाद घालू नये. चौरसियांनी अन्नपूर्णादेवींकडे नव्याने शिकायला घेताना चालू हात बदलून डाव्या बाजूने वाजवायला सुरुवात केली होती.

मारलेश्वरच्या संक्रांतीच्या जत्रेसारख्या ठिकाणची रंगीत बासरी पोरांच्या हातात शोभते, सप्तकासाठी ती घेऊ नये. परसातल्या माणग्याची करून पाहण्याचा मोहही टाळावा, तो बांबू जवळजवळ भरीव असतो. चांगल्या बासरीला लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू लागतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत बासऱ्यांसाठी प्रसिद्ध, पण बांबू त्यांनाही आसामातून आणावा लागतो. विकत घेताना कानाचा पक्का माणूस सोबत न्यावा, पेटीवाले बुवा असले तर उत्तमच. दुकानदाराला मध्य सा आणि तार सा पाठोपाठ वाजवायला सांगावं. दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर ती बासरी पुढे कुणालाच जुळवता येणार नाही.

घरी आणल्यावर आपल्याकडे पावसाळ्यात बुरशीची भीती. वाजवून झालं की सुती फडकं काठीला गुंडाळून आतून पुसायचं, लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायची नाही. माघ-फाल्गुनात कोरड्या हवेने बांबू तडकतो, तेव्हा अधूनमधून तेलाचा हलका हात. दोऱ्याचे वेढे सैल पडू लागले असतील तर ते आवळायची वेळ पहिली चीर दिसण्याआधीची.