डीपीएफ काढला तर पीयूसी मिळेल का?

प्रश्न : माझ्या बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफचा (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा पेटतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘काढून टाकू, कटकट मिटेल.’ पीयूसीत अडचण येईल का? – एक वाचक, भालकी

उत्तर : बहुधा येईल, पण गोम पीयूसीपुरती नाही. डिझेलच्या पीयूसीत गाडी उभ्या उभ्या रेस करून धुराची दाटी मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळे ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवून हे ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) बंद केलेली गाडीही बिनबोभाट सुटू शकते. डीपीएफचे मात्र तसे नाही. बीएस-४ला धुराची मर्यादा १.६२, तर बीएस-६ला ०.७. त्यात नापास होण्याची शक्यता भरपूर.

पास झाली तरी गुन्हा उरतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रातल्या उमरग्याहून पीयूसी आणली म्हणून भालकीची केए-३९ गाडी यातून सुटत नाही. चाचणीला चकवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल फोक्सवॅगनलाही राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला होता.

खरे दुखणे बहुधा गावातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत असते. काजळी जळायला फिल्टर पुरेसा तापतच नाही. दिवा नुसता पेटला असेल, तर हुमनाबाद-बसवकल्याण हमरस्त्यावर वीसेक मिनिटे एका वेगात गाडी चालवावी. तरीही विझला नाही, तर इंजेक्टर आणि टर्बो तपासून घ्यावेत. ऑइल कमी राखेचेच घालावे.