टोमॅटोचा घाट आणि त्याची जनुके

मराठीत ‘आकार’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो: वस्तू केवढी आहे आणि ती कशी दिसते. रोजच्या बोलण्यात त्याने अडत नाही. टोमॅटोची आनुवंशिकी मराठीतून शिकवताना मात्र अडते, कारण तिथे या दोन गुणांमागे बऱ्याच अंशी वेगवेगळी जनुके असतात. भांड्याच्या ठेवणीला आपण ‘घाट’ म्हणतो. तोच शब्द फळाला लावावा आणि केवढेपणासाठी ‘आकारमान’ ठेवावे, असे मला वाटते.

टोमॅटोचा रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातला. त्याचे फळ वाटाण्याहून फारसे मोठे नसते. गोल, आत दोन कप्पे. लागवडीतल्या वाणांत लांबट, पेअरसारखे, चपटे, कंगोरेदार असे कितीतरी घाट दिसतात. त्यातले बरेचसे वैविध्य चार जनुकस्थानांवरील बदलांनी उलगडते.

‘ओव्हेट’ २००२ साली हाती लागले. त्याच्या संकेतात ‘थांबा’ ही खूण वेळेआधीच येते, प्रथिन अपुरे राहते आणि फळ लांबट किंवा देठाकडे निमुळते होते. हा घाट फूल उमलण्यापूर्वीच अंडाशयात ठरू लागतो. हाच बदल असूनही काही वाणांची फळे जवळजवळ गोलच राहतात. इतर जनुकांची साथ लागतेच.

‘सन’ची गोष्ट अधिक रंजक आहे. ‘रायडर’ या जागा बदलणाऱ्या जनुकीय घटकामुळे दहाव्या गुणसूत्रावरच्या सुमारे २५,००० अक्षरांच्या तुकड्याची नक्कल सातव्या गुणसूत्रावर जाऊन बसली. जनुकाचा मजकूर तोच, शेजार नवा. त्या शेजारामुळे ते फळात जोराने व्यक्त होऊ लागले आणि मुख्यतः फलनानंतर फळ लांबत गेले. मूळ प्रत होती तिथेच आहे.

‘लोक्यूल नंबर’ आणि ‘फॅसिएटेड’ कप्पे वाढवतात. कप्पे वाढले की फळ चपटे होते आणि मोठेही; म्हणजे घाट व आकारमान इथे पुरते वेगळे करता येत नाहीत. ‘फॅसिएटेड’चे श्रेय २००८ मध्ये ‘याबी’ कुळातील जनुकाला दिले गेले. २०१५ मध्ये दिसले, की अकराव्या गुणसूत्राचा तुकडा उलटा बसताना ‘क्लॅव्हाटा ३’चे नियंत्रण बिघडले, हे खरे कारण. जुने टिपण वापरणाऱ्या शिक्षकांनी एवढी दुरुस्ती जरूर करावी.

वर्गात बाजारातला एक लांबट आणि एक चपटा, कंगोरेदार टोमॅटो आडवा कापून कप्पे मोजायला सांगावे. लांबट फळात ते बहुधा दोन-तीनच निघतात.